ध्रुवावर न पोचलेला नान्सेन आणि सगळ्यात थोर ध्रुववीर कोण हा जुना वाद

हिमनग

मंडळी,

ध्रुवांचा विषय निघाला की आपल्याकडे ठरलेली तीन नावं येतात. दक्षिण ध्रुवाची शर्यत जिंकलेला अमुंडसेन, ती हरून अमर झालेला स्कॉट आणि कंपन्यांच्या नेतृत्व शिबिरांत हटकून हजेरी लावणारा शॅकल्टन. नॉर्वेच्या फ्रिट्यॉफ नान्सेनची आठवण कुणाला होत नाही, कारण तो ना उत्तर ध्रुवावर पोचला, ना दक्षिण. माझं मत असं की या तिघांच्या आधी त्याचं नाव यायला हवं.

त्याची 'फ्राम' या जहाजाची कल्पनाच बघा. १८८१ साली 'जेनेट' नावाचं अमेरिकन जहाज सायबेरियाच्या उत्तरेला बर्फात चिरडून बुडालं. तीन वर्षांनी त्यातलं काही सामान सापडलं ते थेट ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर. हवामानशास्त्रज्ञ मोन यांनी त्यावरून अंदाज बांधला की बर्फ ध्रुवाच्या बाजूनं वाहत पलीकडे जातो. नान्सेननं पुढचं पाऊल टाकलं. सामान जातं तर जहाज का नाही जाणार? बर्फाशी झुंजायचंच नाही. मुद्दाम त्यात अडकायचं आणि वाहत जायचं.

कॉलिन आर्चरनं त्यासाठी 'फ्राम' बांधलं. ३९ मीटर लांब आणि ११ मीटर रुंद, म्हणजे गोल बुडाचं टपोरं जहाज. बर्फानं दाबलं की चिरडण्याऐवजी वर उचललं जाईल असं. सुकाणू आणि पंखा वर ओढून घ्यायची सोय, पाच वर्षांचं धान्य, विजेच्या दिव्यांसाठी पवनचक्की. जाणत्या लोकांनी वेड्यात काढलं. ग्रीलीसारख्या अनुभवी अमेरिकन आर्क्टिकवीरानं तर याला आत्मनाश म्हटलं. जून १८९३ मध्ये जहाज ख्रिस्तियानियाहून, म्हणजे आजच्या ऑस्लोहून निघालं आणि ऑगस्ट १८९६ मध्ये बर्फातून सुखरूप बाहेर आलं. तेराच्या तेरा माणसं जिवंत.

तुमचं मत काय?

एक_वाचक

वाचनखूण साठवली. प्रतिसाद सवडीनं.

खडूस_काका

कल्पना झकास, मान्य. पण सोयीचा भाग तेवढा सांगितलात. जहाज पाहिजे तितकं उत्तरेला जात नाही म्हटल्यावर मोहिमेचा हा प्रमुख जहाज आणि अकरा माणसं सोडून ध्रुवाकडे चालता झाला. १४ मार्च १८९५. यालमार योहान्सेन, २८ कुत्री, तीन घसरगाड्या, दोन कयाक, म्हणजे अरुंद होड्या. परत जहाजावर यायचा बेतच नव्हता, कारण वाहतं जहाज पुन्हा सापडणार कुठे?

नाविकांच्या जगात याला काय म्हणतात ते तुम्हीच सांगा.

आणि मिळवलं काय? ८६ अंश १४ मिनिटं. तोवरचा विक्रम, कबूल. पण मागे राहिलेलं फ्राम आपलं वाहत वाहत त्याच नोव्हेंबरात ८५ अंश ५५ मिनिटांच्या पुढे पोचलं. फरक जेमतेम ३५ किलोमीटरच्या आतला. म्हणजे साहेब केबिनमध्ये पुस्तक वाचत बसले असते तरी जवळपास तिथंच पोचले असते. तेही गरम कॉफी पीत.

हिमनग

काका, जहाज ओटो स्वेरड्रुपच्या हाती दिलं होतं. आधीच्या ग्रीनलंड मोहिमेपासूनचा विश्वासू माणूस. वाऱ्यावर सोडलं नव्हतं.

खडूस_काका

वाऱ्यावर नाही, बर्फावर सोडलं. स्वेरड्रुपनं ते परत आणलं, मग थोर कोण?

मांजरवाली

त्या २८ कुत्र्यांचं काय झालं ते कुणी सांगेल का? की सांगूच नका?

खडूस_काका

जसजसं ओझं हलकं होत गेलं तसतशी एकेक मारून उरलेल्यांना खायला घातली. निघतानाच तसा हिशेब होता. शेवटी ऑगस्ट १८९५ मध्ये मोकळं पाणी लागलं आणि कयाकमध्ये कुत्री नेता येईनात. दोन उरली होती, एक याचं, एक त्याचं. आपलं स्वतःचं मारवेना म्हणून दोघांनी एकमेकांचं मारलं.

मांजरवाली

नकोच सांगायला हवं होतं. माझ्याकडून नान्सेनला शून्य गुण.

ऑस्लोकर

इथं गेली काही वर्षं राहते म्हणून लिहिते. ऑस्लोत बिगदॉयला फ्रामचं संग्रहालय आहे, खुद्द जहाजाभोवतीच इमारत उभी केलीय, १९३६ पासून. आत चढून फिरता येतं. कडा हातानं चाचपल्या की लाकडाची जाडी कळते, साठ-सत्तर सेंटिमीटर. आणि केबिनी? आपल्या पॅसेंजर गाडीचा वरचा बर्थ ऐसपैस वाटावा. त्यात तीन वर्षं. मी तर तिसऱ्या महिन्यात कुणाचा तरी गळा धरला असता. काका, 'गरम कॉफी पीत' म्हणणं सोपं आहे!

पोरं-टोरं घेऊन आलेल्या पाहुण्यांना मी तिथं नेतेच. इथल्या लोकांच्या बोलण्यात मात्र ध्रुवापेक्षा निर्वासितांचं काम जास्त येतं. धाग्यात ते अजून आलंच नाही.

हिमनग

ताई, तिकडे येतोच आहे. आधी काकांचा हिशेब चुकता करू.

तो मागे का फिरला हे बघा. बर्फाचे उंचवटे एकावर एक, गाड्या उचलून न्याव्या लागत होत्या आणि हे उत्तरेला चालताहेत तर पायाखालचा बर्फ दक्षिणेला वाहतोय. दिवसभर राबायचं आणि मोजमाप घेतलं तर जागच्या जागी. ८ एप्रिलला त्यानं तोंड फिरवलं. ध्रुव तेव्हा साधारण सव्वाचारशे किलोमीटरवर होता. आयुष्याचं स्वप्न तेवढ्या अंतरावर असताना मागे वळायला काय लागतं? स्कॉटला ते जमलं नाही. शॅकल्टनला मात्र जमलं, १९०९ साली, दक्षिण ध्रुव १८० किलोमीटरवर असताना. त्याला त्याचे गुण देतो.

मागे फिरल्यावर चारच दिवसांत दोघांची घड्याळं बंद पडली. किल्ली द्यायची राहिली.

पोळीभाजी

घड्याळ बंद पडलं तर एवढं काय? तिथं तशीही सहा महिने रात्रच ना?

नाखवा

पोळीभाजीताई, एप्रिलमध्ये तिथं चोवीस तास उजेड. आणि घड्याळाशिवाय रेखांश काढता येत नाही. अक्षांश सूर्याच्या उंचीवरून मिळतो, पण पूर्व-पश्चिम आपण कुठे आहोत हे कळायला मूळ ठिकाणची वेळ ठाऊक लागते. चार मिनिटांची चूक म्हणजे एक अंश इकडचा तिकडे. त्यामुळे पुढे जमीन दिसली तरी ती कोणती हे त्यांना महिनोन्‌महिने नक्की सांगता येईना. ती होती फ्रान्झ योसेफ भूमी.

तिथं दगड रचून, वर वॉलरसची कातडी ताणून त्यांनी खोपटं केलं आणि १८९५-९६ चा अख्खा हिवाळा त्यात काढला. खाणं म्हणजे अस्वल, पुन्हा अस्वल. चरबीचा दिवा.

आणि दोघांची वजनं वाढली! नान्सेन सुमारे दहा किलोंनी जाडा होऊन बाहेर आला. ताजं मांस असल्यामुळे स्कर्वीही झाली नाही.

पोळीभाजी

दहा किलो वाढवायला आर्क्टिकला कशाला जायचं, आमच्याकडे चातुर्मासात या. उपवासाच्या साबुदाण्यावर होतं ते.

ऑस्लोकर

त्या खोपटातली एक गोष्ट इथं सगळ्यांना माहीत असते. दोघं एकाच झोपायच्या पोत्यात उबेला निजत होते, तरी एकमेकांशी अहो-जाहोनंच बोलत. शेवटी नववर्षाच्या आदल्या रात्री नान्सेननं सुचवलं की आता 'अरे-तुरे' करायला हरकत नाही.

एक_वाचक

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीशी वीस वर्षं झाली, अजून तो क्षण आला नाही.

डॉ_चष्मा

एक बाजू कुणाच्याच लक्षात नाही. नान्सेन मुळात प्राणिशास्त्रज्ञ. बर्गनच्या संग्रहालयात नोकरी आणि काम कशावर, तर मज्जासंस्थेवर! १८८६ मध्ये इटलीत पाविया इथं जाऊन गोल्जीची चांदीच्या क्षारांनी पेशी रंगवायची पद्धत बघून आला. गोल्जीचं स्वतःचं मत असं की मेंदूतल्या सगळ्या तंतूंचं एक अखंड जाळं असतं. नान्सेननं त्याचीच पद्धत वापरून १८८७ मध्ये लिहिलं की तंतू एकमेकांत मिसळलेले दिसत नाहीत. आज आपण ज्याला चेतापेशीचा सिद्धान्त म्हणतो त्याच्या अगदी सुरुवातीच्या मांडणाऱ्यांत तो येतो. नोबेल पुढे १९०६ मध्ये गोल्जी आणि काहाल यांना मिळालं.

१८८८ मध्ये प्रबंधाची तोंडी परीक्षा दिली आणि चारसहा दिवसांत ग्रीनलंड ओलांडायला निघाला. आमच्यात प्रबंध दिल्यावर लोक महिनाभर झोपतात.

हिमनग

डॉक्टर, दंडवत! ग्रीनलंडबद्दल थोडं. तोवरचे सगळे वस्ती असलेल्या पश्चिम किनाऱ्यावरून निघत आणि जमेना झालं की परत फिरत. यानं उलटं केलं. निर्मनुष्य पूर्व किनाऱ्यावर उतरायचं. मागे काही नाही, म्हणजे परत फिरायचा मोहच नाही. सहा जण होते. ऑक्टोबरात पश्चिम किनाऱ्यावरच्या गोटहोबला पोचले तर त्या वर्षाचं शेवटचं जहाज चुकलेलं! मग हिवाळाभर तिथंच राहून त्यानं तिथल्या मूळ रहिवाशांकडून, इनुइटांकडून, कयाक वल्हवायला आणि शिकार करायला शिकून घेतलं. पुढे फ्रान्झ योसेफवर जीव वाचला तो याच विद्येनं.

ढगफुटी

'सहा जण होते' एवढ्यावर भागवलंत. त्यातले दोघे सामी, म्हणजे उत्तर नॉर्वेकडच्या मूळ रहिवाशांपैकी होते, सॅम्युएल बाल्टो आणि ओले राव्ना. स्की आणि बर्फ म्हणजे त्यांचं रोजचं जगणं. कयाक इनुइटांचे, घसरगाड्या ओढणाऱ्या कुत्र्यांची कला सायबेरिया-ग्रीनलंडच्या लोकांची. नाव मात्र एका उंच, सोनेरी मिशांच्या गोऱ्या माणसाचं. आपल्याकडे हिमालयात शेर्पांचं काय झालं ते आठवा. तेनसिंग सोडला तर किती नावं सांगता येतात?

हिमनग

मुद्दा रास्त आहे. एक मात्र म्हणेन, नान्सेननं हे कुणाकडून शिकलो ते लपवलं नाही. ग्रीनलंडहून आल्यावर इनुइटांच्या जगण्यावर पुस्तक लिहिलं आणि युरोपीय लोकांच्या संपर्कानं त्यांचं नुकसानच झालं असं त्यात स्पष्ट म्हटलं. १८९१ मध्ये असं लिहिणारे थोडेच. राव्ना आणि बाल्टोबद्दल मात्र त्याच्या लिखाणात वरचढपणाचा सूर येतो, हे खरं.

मांजरवाली

बाल्टो? ते अलास्कातलं प्रसिद्ध कुत्रं?

ढगफुटी

त्या कुत्र्याचं नाव या माणसावरूनच ठेवलेलं. सॅम्युएल बाल्टो नंतर अलास्कात गेला होता. बघा, जगाला कुत्रा माहीत, माणूस नाही.

मांजरवाली

मला यात काही वावगं वाटत नाही. :)

नाखवा

आता माझ्या आवडीचं. अवांतर वाटेल, पण नाही.

फ्रामवर असताना नान्सेननं टिपलं की बर्फ वाऱ्याच्या दिशेनं सरळ जात नाही, उजवीकडे २० ते ४० अंश कलून जातो. त्यानं ओळखलं की हा पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम. गणित सोडवायला दिलं एकमान नावाच्या स्वीडिश तरुणाला. १९०५ मध्ये एकमानचा सिद्धान्त छापून आला. वारा वरच्या थराला ढकलतो, तो खालच्याला, प्रत्येक थर आणखी थोडा वळतो आणि एकूण पाणी उत्तर गोलार्धात वाऱ्याच्या काटकोनात उजवीकडे सरकतं.

आता आपला किनारा घ्या. पावसाळ्यात किनाऱ्यालगत वाऱ्याचा जो भाग दक्षिणेकडे वाहतो तो वरचं पाणी उजवीकडे, म्हणजे खोल समुद्राकडे ढकलतो. ती जागा भरायला खालचं गार, खतावलेलं पाणी वर येतं. त्यावर प्लवक, प्लवकावर मासळी. हे केरळकडे जोरात होतं, उत्तरेकडे येईतो कमी होत जातं. एवढंच एक कारण नाही, पण मोठं आहे. म्हणजे बाजारात तारली स्वस्त झाली तर त्याचा एक धागा फ्रामच्या डेकवर जातो.

दुसरी गंमत. सायबेरियाच्या किनाऱ्याजवळ एकदा फ्राम अचानक सरकेचना. इंजिन पूर्ण चालू, समुद्र शांत, तरी जहाज मागून कुणी धरून ठेवल्यासारखं. वितळलेल्या बर्फाचं गोडं पाणी वर आणि खारं खाली असेल तर जहाजाची सगळी ताकद त्या दोन थरांमधल्या न दिसणाऱ्या लाटा उठवण्यात जाते. हेही एकमाननंच प्रयोग करून दाखवलं, नान्सेनच्या नोंदींवरून.

पोळीभाजी

नाखवाभाऊ, तारली स्वस्त झाली की कळवत चला, बाकी सिद्धान्त तुमच्याकडे ठेवा.

तो शेगडीवाला नान्सेन हाच का? गिर्यारोहणाच्या गटात कुणीतरी 'नान्सेन कुकर' म्हणालं होतं.

नाखवा

हाच. मधल्या भांड्यात रस्सा शिजतो आणि बाजूनं वर जाणाऱ्या गरम हवेवर बाहेरच्या भांड्यातला बर्फ वितळतो. आपल्या तांब्याच्या बंबाचा चुलतभाऊ म्हणा. इंधन इतकं वाचतं की पुढे अमुंडसेन, स्कॉट, शॅकल्टन, सगळ्यांनी हीच रचना नेली.

हिमनग

आणि हाच माझा मुद्दा! जहाजसुद्धा. अमुंडसेन दक्षिण ध्रुवावर गेला तो नान्सेनकडून मागून घेतलेल्या फ्रामवरूनच. मागताना सांगितलं उत्तरेला जातो म्हणून आणि वाटेत वळला दक्षिणेला. नान्सेनच्या स्वतःच्या मनात दक्षिण ध्रुव होता, तरी जहाज दिलं, आणि नंतर जाहीर तक्रारही केली नाही.

खडूस_काका

त्याच अमुंडसेनच्या मोहिमेवर योहान्सेनही होता, नान्सेनच्या शब्दाखातर घेतलेला. त्याचं काय झालं ते लिहा की.

लिहितो मीच. सप्टेंबर १९११ मध्ये अमुंडसेननं घाई करून ध्रुवाकडे कूच केलं, थंडी सोसेना, परत फिरले. परतताना अमुंडसेन पुढे निघून गेला आणि हिमदंश झालेल्या प्रेस्ट्रुड या सहकाऱ्याला योहान्सेननं एकट्यानं सांभाळून तळावर आणलं. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला सगळ्यांसमोर त्यानं अमुंडसेनला सुनावलं. झालं. ध्रुवाच्या तुकडीतून नाव गेलं. जानेवारी १९१३ मध्ये ख्रिस्तियानियाच्या एका बागेत त्यानं स्वतःवर गोळी झाडून घेतली.

नान्सेन परतल्यावर प्राध्यापक झाला, लंडनला नॉर्वेचा राजदूत झाला, नोबेलविजेता झाला. ज्याच्याबरोबर एका पोत्यात हिवाळा काढला तो कर्ज, दारू आणि नैराश्यात बुडत गेला. तुमच्या थोरांच्या यादीत ही जमाखर्चाची बाजू मांडा.

एक_वाचक

काका, आज जेवण कडू झालं.

ऑस्लोकर

काका, नान्सेननं योहान्सेनला बऱ्याचदा पैशांची मदत केली होती, अगदी विसरला नव्हता. पुरेसं केलं का, हा प्रश्न इथंही विचारतात.

पण आता ते दुसरं आयुष्य लिहिते. पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा लाखो युद्धकैदी परक्या देशांत अडकून पडलेले, बरेचसे रशियात. १९२० मध्ये राष्ट्रसंघानं हे काम नान्सेनला दिलं. पैसा तुटपुंजा, सोव्हिएत सरकार राष्ट्रसंघाला मानायला तयार नाही. म्हणून हा त्यांच्याशी स्वतःच्या नावावर बोलला. दोनेक वर्षांत चार लाखांहून जास्त माणसं घरी पोचली.

मग रशियन निर्वासित. क्रांतीनंतर बाहेर पडलेल्यांचं नागरिकत्वच सोव्हिएत सरकारनं रद्द केलं. कागद नाही म्हणजे सीमा ओलांडता येत नाही, नोकरी नाही. १९२२ मध्ये 'नान्सेन पासपोर्ट' आला. कोणत्याही देशाचा नाही, फक्त ही व्यक्ती कोण आहे हे सांगणारा कागद. पन्नासहून अधिक देशांनी तो मान्य केला. स्ट्राविन्स्की, शागाल, नाबोकोव्ह यांच्याकडे तो होता. त्यावर पाच सुवर्ण फ्रँकचा स्टँप लावायचा, त्यावर नान्सेनचंच चित्र, आणि ते पैसे गरीब निर्वासितांसाठी. त्याच वर्षी शांततेचं नोबेल.

झाडीपट्टी

हे वाचून राहवलं नाही, म्हणून बऱ्याच दिवसांनी लिहितो.

आमच्या गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ तिबेटी लोकांची वसाहत आहे, नोर्ग्येलिंग. १९७२ पासूनची. माझ्या वर्गात तिथला एक जण होता. झाडीबोली माझ्यापेक्षा झकास बोलायचा, दंडारीत नाचायचा. बारावीनंतर मी पासपोर्ट काढला तेव्हा तो हसत म्हणाला, 'माझं पिवळं पुस्तक असते.' भारतात जन्मलेला, तरी प्रवासाला भारत सरकारचं ओळखपत्राचं पुस्तक. प्रत्येक विमानतळावर समोरचा माणूस ते उलटून-पालटून बघतो, साहेबाला बोलावतो, हा बाजूला उभा.

भारतानं १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. तरी आपण लोकांना जागा दिली, हेही खरं. त्या वर्गमित्राला हा धागा पाठवतो. त्याला नान्सेन माहीत नसेल तर नवल.

ऑस्लोकर

झाडीपट्टी, लिहीत जा हो. असे प्रतिसाद हवेत.

ढगफुटी

पासपोर्टबद्दल शंभर टक्के सहमत. पण १९२३ ची ग्रीस-तुर्कस्तान अदलाबदलही याच माणसानं पुढे रेटली. बारा लाखांच्या आसपास ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसकडे, चारेक लाख मुसलमान तुर्कस्तानकडे. सक्तीनं. कसोटी फक्त धर्म. तुर्की बोलणारे ख्रिस्ती ग्रीसमध्ये टाकले, ग्रीक बोलणारे क्रीटचे मुसलमान तुर्कस्तानात. आपण फाळणी भोगलेले लोक. कल्याणच्या छावणीचं उल्हासनगर झालं, त्यातल्या आजी-आजोबांना विचारा 'अदलाबदल' म्हणजे काय.

हिमनग

ढगफुटी, त्यातले बहुतेक ख्रिस्ती करार व्हायच्या आधीच जीव मुठीत धरून पळाले होते. त्याला वाटलं, निदान उरलेले जिवंत राहतील. तरीही सक्तीचं समर्थन मी करणार नाही.

खडूस_काका

आणखी एक. रशियातल्या दुष्काळात मदतकार्याला त्याचा हुशार सहायक कोण होता? विडकुन क्विस्लिंग. तोच, ज्यानं पुढे नाझींना देश विकला.

डॉ_चष्मा

काका, नान्सेन १९३० मध्ये गेला. नॉर्वेवर जर्मन चालून आले १९४० मध्ये. सहायकाच्या पापाचं बिल दहा वर्षं आधी मेलेल्या साहेबाच्या नावे फाडता?

खडूस_काका

बिल फाडत नाही, नोंद करतो. त्या दुष्काळातलं काम अफाट होतं हे मीच सांगतो. राष्ट्रसंघाकडे कर्ज मागितलं, सरकारांनी बोल्शेविकांना मदत नको म्हणून हात वर केले. मग हा गावोगाव व्याख्यानं देत, दुष्काळाची छायाचित्रं पडद्यावर दाखवत लोकांकडून पैसे जमवत फिरला. नोबेलची रक्कमही मदतीत घातली. इथं माझी टोपी उतरते. ध्रुवासाठी नाही.

नाखवा

'फ्राम'ची कल्पना अजून जिवंत आहे हेही नोंदवा. २०१९ मध्ये 'पोलारश्टेर्न' हे जर्मन संशोधन जहाज मुद्दाम तसंच बर्फात अडकवलं, वर्षभराच्या मोहिमेसाठी. फ्रामला वाहत जायला जवळपास तीन वर्षं लागली होती, यांचा बर्फ साधारण दहा महिन्यांत ग्रीनलंडच्या बाजूला येऊन फुटला. बर्फ पातळ झाला, वाहणं वेगवान झालं. तुलनेला नान्सेनच्या नोंदी नसत्या तर हे इतकं ठळक कळलं नसतं.

आपल्याकडे गोव्यात वास्कोला ध्रुवीय संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आहे. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम १९८१ च्या डिसेंबरात गोव्याहूनच निघाली, आणि जहाज कुठलं? भाड्यानं घेतलेलं नॉर्वेचं, 'पोलर सर्कल'.

एक_वाचक

सवडीनं म्हणालो होतो, सवड झाली. मूळ प्रश्न 'थोर कोण'. मला वाटतं हिमनग यांनी दोन वेगळे प्रश्न एकत्र शिजवलेत. ध्रुववीर म्हणून मोजायचं तर पल्ला, नियोजन, माणसं जिवंत आणणं. त्यात अमुंडसेन आणि नान्सेन बरोबरीला, आणि काकांचा स्वेरड्रुप दोघांच्या खांद्याला खांदा लावून. माणूस म्हणून मोजायचं तर नान्सेनच्या जवळपास त्या काळातला कुणी ध्रुववीर येत नाही. माझं मत नान्सेनला, पण ध्रुवाच्या रकान्यात नाही.

मांजरवाली

माझं बाल्टोला. दोन्ही बाल्टोंना.

हिमनग

मला वेगळे करता येत नाहीत हो ते रकाने. मोजून-मापून तयारी, मग जुन्या-जाणत्यांनी वेड्यात काढलं तरी निघणं, हाच स्वभाव बर्फातही दिसतो आणि राष्ट्रसंघाच्या जिनिव्हातही.

काका, स्वेरड्रुपचं एवढं प्रेम आहे तर वेगळा धागा काढा.

खडूस_काका

काढणारच. १८९८ ते १९०२, तेच फ्राम, कॅनडाच्या उत्तरेची बेटंच्या बेटं नकाशावर आणली आणि १९३० मध्ये कॅनडा सरकारनं त्या नकाशांचे ६७ हजार डॉलर मोजले. पण मला टंकायला वेळ लागतो. आठवडाभर थांबा.

पोळीभाजी

त्यात खाण्यापिण्याचं पण लिहा. आणि कुत्र्यांचं लिहू नका.

खडूस_काका

कुत्र्यांशिवाय स्वेरड्रुप होत नाही. त्या भागात सूचना टाकतो, मांजरवालींनी तेवढं सोडून वाचावं.